दोन वर्षं रेडिमेड बंद! (आणि मानेखालची एक घडी)

सुईदोरा

येत्या पाडव्याला दोन वर्षं पूर्ण होतील. आतले कपडे, मोजे आणि एक रेनकोट सोडला तर या काळात मी अंगावर घालायचं काहीही तयार विकत आणलेलं नाही. कुर्ते, सलवारी, पँटी, ब्लाऊज, परकर, गाऊन, सगळं घरी शिवलं. मिरवायला लिहीत नाहीये. बरं, थोडं मिरवायलाच लिहितेय. पण एक अडचणही आहे, ती शेवटी विचारते.

मशीन आईचं, तिच्या लग्नात आजोबांनी दिलेलं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालवायचं. माझे फ्रॉक आणि शाळेचे गणवेश त्यावरच झाले. पुढे मला दुकानातलेच कपडे हवेसे झाले, मशीनवर क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली आणि वीस वर्षं त्याचं टेबल झालं. घराला रंग काढला तेव्हा भंगारवाल्याने आठशे रुपये सांगितले. आई काही बोलली नाही, फक्त फुलदाणी उचलून घेतली. मग माझंच मन होईना. सगळ्या भोकांत तेल घालून रात्रभर ठेवलं, चामड्याचा नवा पट्टा आणला, सकाळी चाक फिरलं.

सुरुवात परकरापासून केली, सगळ्या शिवणी सरळ म्हणून. मग जुन्या चादरीचा पायजमा. मग पहिला कुर्ता, आणि तिथे आपटले. बाहीचा पुढचा गोल मागच्यापेक्षा जरा खोल कापायचा असतो हे माहीत होतं, कापलाही तसाच. फक्त डावी बाही उजवीकडे लावली आणि उजवी डावीकडे. हात खाली सोडून उभं राहिलं की सगळं ठीक. चहाचा कप उचलायला हात पुढे केला की पाठ अशी ओढली जायची, जसं कोणी मागून पदर धरलाय. दोन्ही मुंढे (बाही जोडतो ते गोल) उसवले. तेव्हापासून उसवायची छोटी कात्री मशीनलाच बांधून ठेवली आहे.

या फंदात पडले कशाला, तर रेडिमेड कुर्ता एल घेतला की दंडात घट्ट, एक्सएल घेतला की खांदे कोपराकडे निघालेले. आणि कुठलाही घेतला तरी उजवीकडे लोंबायचा. मला वाटायचं, आजकाल कपडे वाकडेच शिवतात. मागच्या वर्षी एक चांगलं कापड कापण्याआधी मांजरपाटाचा कच्चा कुर्ता करून पाहिला आणि आत्याला टाचण्या लावायला बोलावलं. ती मागे उभी राहून नुसती बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं, तुझा उजवा खांदा उतरता आहे. अर्धा इंच तरी." आरशासमोर उभी राहिले. खरंच होतं. छत्तीस वर्षं मी कुर्त्यांना नावं ठेवत होते.

मग कागदाच्या कटिंगमध्ये खांद्याचा उतार अर्ध्या इंचाने वाढवला, पाव इंच पुढून आणि पाव इंच मागून. उजवीकडचं लोंबणं थांबलं. पण आता प्रत्येक कुर्त्याला पाठीवर, मानेच्या जरा खाली, एक आडवी घडी पडते. इस्त्रीने जात नाही, कापड बदललं तरी जात नाही. निळ्या कुर्त्याचा मागून काढलेला फोटो दिलाय. कारण कोणाला कळतंय का?

खर्चाचंही सांगून टाकते, कारण ते कोणीतरी विचारणारच. निळ्याला अडीच मीटर कॉटन, १७० रुपये मीटरने ४२५. रीळ, बक्रम (आतून लावायचं कडक कापड), पाच बटणं मिळून ६०. वेळ साडेपाच तास. स्वस्त पडतं म्हणून कोणी शिवायला बसू नका.

पिवळी_जुई

फोटो मोठा करून पाहिला. त्या कुर्त्याला खिसा आहे????

सुईदोरा

दोन आहेत! बाजूच्या शिवणीत. कमरेखाली तीन इंचांवर तोंड सुरू होतं, साडेसहा इंचांचं. स्वतःचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, दीड इंच जास्त धरून आकार कापला. एका खिशाचे दोन तुकडे, म्हणजे एकूण चार. मोबाइल आख्खा आत जातो आणि बसल्यावर बाहेर येत नाही.

पिवळी_जुई

बस. एवढ्यासाठी मी शिवण शिकणार.

चहाबाज

कौतुक आहेच, पण हिशोब पटला नाही. ४८५ रुपये आणि वर साडेपाच तास. सेलमध्ये ४९९ ला कुर्ता घरपोच येतो, नाही आवडला तर फुकट परत. तुम्ही तुमच्या वेळेची किंमत शून्य धरली आहे. (हलके घ्या.)

ओसरीवर

चहाबाज, त्या ४९९ मध्ये कापड, शिलाई, बटणं, जाहिरात, विकणाऱ्याचा नफा, पोचवणाऱ्याचं पेट्रोल आणि तुमची ती फुकट परती, एवढं सगळं बसतं. शिवणारीच्या हातावर मग काय पडत असेल? तिच्या वेळेची किंमत कोणीतरी शून्याच्या जवळ धरलेलीच आहे, फक्त ती तुम्हाला दिसत नाही.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला. अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणारी. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्या दिवशी बंद राहिली, वरच्या कारखान्यांतल्या लोकांना मात्र कामावर बोलावलं. मी त्यानंतर रेडिमेड सोडलं असं नाही, खोटं कशाला बोलू. पण स्वस्ताईचं कौतुक करायचं सोडलं.

मागावरून

ओसरीवर, मुद्दा पटला, पण घरी शिवणाऱ्यांनीही लगेच हात झटकू नयेत. तुम्ही कापड आणता ते आमच्याकडनंच येतं. इचलकरंजीत लहानाचा मोठा झालो, घराच्या मागच्या बाजूला माग होते. बारा तासांची पाळी, एकाच्या अंगावर चार-चार, सहा-सहा माग, आवाज असा की घरातली माणसं जेवतानाही ओरडून बोलतात. आमच्या वडिलांना अजून हळू बोलता येत नाही.

ते असो. कापड घेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, कारण दुकानदार 'प्युअर कॉटन' कशालाही म्हणतो. कडेचा एक धागा ओढून घरी जाळून पाहा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. मिसळीचं असेल तर दोन्हीची लक्षणं दिसतात. आणि मीटर सांगण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ३६, ४४ आणि ५८ इंच असे पन्हे मिळतात आणि लोक सरसकट 'अडीच मीटर द्या' म्हणून मोकळे होतात. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ पन्ह्यात एक मीटर साठ पुरतं, ३६ पन्ह्यात सव्वादोन मीटर लागतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकड्याला तीन-पाच आटणारच. पंचेचाळीस इंच लांबीचा कुर्ता दोन इंच वर गेला की तुम्ही मशीनला शिव्या देता.

सुईदोरा

मागावरून, 'पाण्यातून काढा' याला शंभर वेळा हो. खादीला तर दोनदा काढते. माझा एक कुर्ता आता भाचीला होतो.

नवशिकी

मी दोन महिन्यांपूर्वी विजेवरचं मशीन घेतलं. वरून टाके छान दिसतात, खालून नुसता गुंता, दोऱ्याची जाळीच. दुकानातला माणूस म्हणतो बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) खराब आहे. तीन बॉबिन बदलल्या. रडायची वेळ आली आहे.

शिंप्याचा_पोर

गुंता खाली दिसला की दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, आणि सगळे खालची बॉबिन छळत बसतात. दाब्याची कळ वर करून (म्हणजे कापड दाबून धरणारा तो पाय वर उचललेला असताना) दोरा पहिल्यापासून परत ओवा. दाबा खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरूनच जातो. नव्वद टक्के वेळा एवढंच निघतं.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. घरगुती मशीनच्या सुईला एक बाजू चपटी असते, ती कुठल्या बाजूला हवी ते पुस्तिकेत बघा. मलमल, वॉयलला ११ नंबर, नेहमीच्या कॉटनला १४, जीन्सला १६ किंवा १८. टी-शर्टाच्या कापडाला गोल टोकाची सुई वेगळी मिळते, साध्या सुईने ते शिवलंत तर टाके सुटणारच. आणि सुई मोडेपर्यंत वापरायची नसते, हे आमच्या अण्णांनी मला चापट मारून शिकवलंय.

नवशिकी

दाबा वर करून ओवला. गुंता गेला!!! दोन महिने, दादा. दोन महिने.

स्टुटगार्टची_मुग्धा

घडीबद्दल काही सांगता येणार नाही, पण माझी कर्मकहाणी ऐका. इथे जर्मनीत बुर्डाच्या मासिकात छापील कटिंग येतात. एका मोठ्या कागदावर दहा-बारा कपड्यांच्या रेषा एकमेकींवर, लाल, निळ्या, काळ्या, हिरव्या, रेल्वेच्या नकाशासारख्या. आपली रेष शोधून पातळ कागदावर उतरवायची. मी हौसेने एक ड्रेस उतरवला, कापला, शिवला. अंगात शिरेना. मापं चार वेळा पडताळली, सगळी बरोबर. मग शेजारच्या आजींनी दाखवलं की या कागदांत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड, धरलेलीच नसते, कापताना ती आपण सोडायची. अमेरिकन कटिंग पाकिटात मिळतात, त्यांच्या कागदात दीड सेंटिमीटर आधीच धरलेली असते आणि मी व्हिडिओ बघितले होते सगळे अमेरिकन.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "जर्मन माणूस माया लावत नाही, हे तुला सहा वर्षांनी कळलं?"

ओसरीवर

मुग्धा :-)))

न्यू_जर्सीकर

मुग्धा, आमच्याकडे पाकिटं आहेत, पण ती घ्यायची दुकानं गेली. जोअॅन नावाची कापड-सुईदोऱ्याची साखळी होती, गावोगावी. २०२५ च्या मे महिन्यापर्यंत शेवटचं दुकानही बंद झालं. शेवटच्या आठवड्यात मी गेले होते, फळ्याच फळ्या रिकाम्या, आणि एक बाई उरलेल्या झिपा मुठीने पिशवीत भरत होती. कापड हाताला न लावता पडद्यावर बघून घ्यायचं म्हणजे लग्नाचं स्थळ फोटोवरून ठरवण्यासारखं आहे. आता भारतात आले की मुंबईतलं मंगलदास मार्केट आणि भुलेश्वर, दोन बॅगा भरून नेते.

गिरणगावकर

धागा वाचतोय, लिहू की नको करत होतो.

आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. कामगारांना गिरणीचं कापड सवलतीत मिळायचं. दिवाळीला एक तागा यायचा आणि त्यात आम्हा चौघा भावंडांचं भागायचं. भावाला आणि मला शर्ट, बहिणींना फ्रॉक, उरलेल्यात उशांचे अभ्रे. चाळीत आम्ही एकत्र बाहेर पडलो की लोक विचारायचे, बँड कुठे चाललाय. दोन घरं सोडून त्याच गिरणीतलं आणखी एक कुटुंब होतं, त्यांचाही तोच तागा. म्हणजे बँड मोठा होता.

आई घरीच शिवायची, वाढत्या मापाचं. माझ्या चड्डीला कमरेत आणि खाली एवढी माया असायची की तीन दिवाळ्या ती उसवत जायची. जुनी घडी पडलेली जागा गडद राहायची, चड्डीवरच्या रेघा मोजून वय सांगता यायचं.

मग १८ जानेवारी १९८२. संप. सुरुवातीला वडील म्हणायचे, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. त्याच मशीनवर आईने परकर शिवायला घेतले, एका व्यापाऱ्याकडून कापलेली चळत यायची, डझनावर पैसे. रात्री मशीनचा आवाज शेजाऱ्यांना नको म्हणून खाली गोधडी घालायची. मी दहा-अकरा वर्षांचा, नाड्या ओवायचं काम माझं. सेफ्टी पिन नाडीला लावायची आणि नेफ्यातून सरकवत न्यायची. वडील परत गिरणीत गेले नाहीत, गिरणीच उरली नाही.

माझ्या बायकोला, मुलीला शिवणाची हौस आहे, छान वाटतं बघायला. आईला मात्र कधी मशीन घेऊन दिलं नाही परत. तिने विचारलंही नाही.

सुईदोरा

काका, लिहिलंत ते फार बरं केलंत.

चहाबाज

गिरणगावकर, __/\__ . मी माझा ४९९ चा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आता तो मला जरा टोचतोय.

अर्ध्या_बाहीचा

पुरुष मंडळींतर्फे हजेरी. मी स्वतःचे शर्ट शिवतो, आतापर्यंत सात. शिकलो कसा, तर सर्वांत आवडता जुना शर्ट पूर्ण उसवला. एकेक तुकडा इस्त्री करून खाकी कागदावर उतरवला. दोन पुढचे, एक पाठ, पाठीवरची दुहेरी पट्टी, बाह्या, कफ, कॉलर, कॉलरचा पट्टा. अठरा तुकडे निघाले. आपण अंगावर अठरा तुकडे घालून फिरतो हे चाळीस वर्षं कळलं नव्हतं.

सगळ्यात छळलं कॉलरने. पहिल्या शर्टाची टोकं म्हणजे दोन बटाटे. मग युक्ती कळली. खालचा तुकडा वरच्यापेक्षा सूतभर (इंचाचा आठवा भाग) लहान कापायचा, म्हणजे शिवण आपोआप खाली वळते, बाहेर डोकावत नाही. टोकाशी पोचायच्या आधी दोन तुकड्यांच्या मध्ये एक जाड दोरा ठेवायचा, टोकाच्या टाक्यात तो अडकवायचा, कोपऱ्यातलं जादा कापड छाटायचं, आणि कॉलर उलटवताना तो दोरा बाहेरून ओढायचा. टोक टोकासारखं येतं. कात्रीच्या टोकाने ढोसू नका, भोक पडतं, मी पाडलंय.

काजं मात्र बाहेरून करून आणतो. पुण्यात रविवार पेठेत बटणं घ्यायला जातो तेव्हाच तेही काम उरकतो. हाताने काज करणाऱ्यांना साष्टांग.

शिंप्याचा_पोर

अर्ध्या_बाहीचा, छान. एक सुधारणा सुचवतो. जुना शर्ट उसवून उतरवताना मुंढा आणि गळा यांच्यावर फार भरवसा ठेवू नका. तिथे कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं असतं, वर्षानुवर्षं घालून आणि पिळून ताणलं जातं. मुंढ्याचा गोल टेपने मोजा, बाहीचा गोल मोजा, बाहीचा इंच-दीड इंच जास्त भरला पाहिजे. तो जादा भाग धावदोऱ्याने जरा आवळून मुंढ्यात बसवतात, म्हणून खांद्यावर बाहीला गोलाई येते.

आता जरा आमच्या घराबद्दल. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वडिलांचं दुकान, पन्नास वर्षं. नामदेवांचा फोटो, खाली मशीन. खंडेनवमीला मशीन, कात्री, इस्त्री, टेप सगळ्याला हळदकुंकू, त्या दिवशी कात्री चालवायची नाही. एरवीही रिकामी कात्री वाजवली की ओरडा बसायचा, भांडणं होतात म्हणून. मी लहान असताना दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मशीन थांबत नसे. आई काजं करायची, आत्या हुक लावायची, मी खालच्या दुमडीला तुरपाई घालायचो. रात्री दोनला गिऱ्हाईक ओट्यावर झोपून वाट बघायचं.

आज दुकान आहे, काम नाही. म्हणजे आहे, पण ते शिवण्याचं नाही. जीन्सची उंची कमी करा, चेन बदला, ऑनलाइन आलेला कुर्ता कमरेत घ्या. दुसऱ्याने चुकीचं शिवलेलं दुरुस्त करायचं. अण्णा म्हणतात, "पूर्वी माणूस यायचा, मग कापड यायचं. आता कापड घालून माणूस येतो."

तुमच्यासारखे घरी शिवणारे आमच्या पोटावर पाय देतात असं काही जणांना वाटतं. मला नाही वाटत. उलट ज्याने एकदा कॉलर शिवली तो शिलाईच्या पैशात घासाघीस करत नाही.

अर्ध्या_बाहीचा

एकदम खरं. परवा शिंप्याने सूटचे पैसे सांगितले, मी म्हटलं, एवढेच?

पिवळी_जुई

आणि दिलेल्या तारखेचं काय? आमच्या इथल्या एका टेलरने लग्नाच्या आदल्या रात्री ब्लाऊज दिला, एक बाही लावलेली, दुसरी टाचणीने. म्हणे 'घरी दोन टाके घाला ना ताई'. मी शिवण शिकण्याचं खिशाखालोखाल हे दुसरं कारण.

शिंप्याचा_पोर

त्या बाबतीत आमच्या जातभाईंची बाजू घेण्याची माझी हिंमत नाही.

ओसरीवर

मापांवरून आठवलं. एल-एक्सएल आपल्या अंगाला का बसत नाही, तर भारतीय अंगांचा म्हणून तक्ता कधी नव्हताच. निफ्टने (फॅशन शिकवणारी सरकारी संस्था) इंडियासाइझ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं ते याचसाठी. सहा शहरांत, मुंबई त्यातलं एक, १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना होती.

अवांतर: यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला मात्र अपवाद केला होता.

शिंप्याचा_पोर

तक्ता झाला तरी त्यात दोन्ही खांदे सारखेच असणार. अण्णा माप घेताना आधी गिऱ्हाइकाला चालायला सांगतात, मग टेप काढतात.

नवशिकी

घडीचं काय झालं? मला वाटतं गळा लहान पडत असेल. मागचा गळा खोल करून पाहा.

मागावरून

किंवा लॅपटॉपवर बसून बसून पाठीला बाक आला असेल. आमच्या हिला तसंच सांगितलंय.

शिंप्याचा_पोर

बाक असता तर कापड कमी पडलं असतं, मागचा घेर वर उचलला गेला असता. इथे कापड जास्त होऊन गोळा होतंय. वेगळं दुखणं आहे.

सुईदोरा

(दोन दिवसांनी.) निळ्याचाच मागचा गळा अर्धा इंच खोल केला. उरेब पट्टी उसवली, नवी लावली, रात्रीचा दीड वाजला. घडी गेली नाही. एक इंच खाली सरकली.

पिवळी_जुई

घडी तुमच्यावर प्रेम करते.

स्टुटगार्टची_मुग्धा

बक्रम जाड झालं असेल का? माझ्या एका ड्रेसला तसं झालं होतं.

सुईदोरा

मागच्या गळ्याला बक्रम नाहीच, नुसती पट्टी आहे. मी आता सवयीने ओढणी घेते वरून, म्हणजे दिसत नाही. पण मला माहीत असतं ना.

शिंप्याचा_पोर

काल गावी आलोय. अण्णांना तुमचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, घडी डावीकडे जास्त आहे का? दुसरा, कापड दुमडून कापलं का?

सुईदोरा

हो, नीट पाहिलं तर डावीकडेच जास्त आहे. दुमडूनच कापते, कागद अर्धा आहे ना, तो दुमडीला लावून ठेवते. सगळेच तसं

अरे देवा.

शिंप्याचा_पोर

कळलं ना? अर्ध्या कागदावर उतार वाढवलात आणि दुमडून कापलंत, म्हणजे उजव्याबरोबर डावाही खांदा अर्धा इंच उतरला. डावा बिचारा सरळ होता. त्याला जागाच उरली नाही, म्हणून तिकडून कापड वर चढतं आणि मानेखाली जमा होतं. गळा खोल केलात तर ते जमा व्हायची जागा खाली गेली, एवढंच.

अण्णांचं म्हणणं, अशा अंगाला कागद पूर्ण काढायचा, डावा वेगळा, उजवा वेगळा, आणि कापड उघडून एकेरी कापायचं. त्यांच्या वहीत गिऱ्हाइकांच्या मापापुढे 'उ. खां. उ.' असं लिहिलेलं असायचं. उजवा खांदा उतरता. मला वाटायचं, कोणाचं तरी नाव आहे.

निळा वाचेल की नाही ते मायेवर आहे. खांद्याच्या शिवणीत किती सोडलीय?

सुईदोरा

पाऊण इंच. पुढून आणि मागून दोन्हीकडे. आईची सवय, ती नेहमी म्हणते माया सोड, माया सोड.

शिंप्याचा_पोर

मग भरपूर आहे. डावा खांदा उसवा. गळ्यापाशी शिवण आहे तिथेच राहू दे, मुंढ्याकडे जाता जाता पुढून दोन सूत, मागून दोन सूत सोडा. मुंढा अर्धा इंच वाढेल, त्यामुळे बाहीचा वरचा गोल उसवून तिथलीही माया थोडी सोडावी लागेल. काखेतला भाग हलवू नका. उजवीकडे हात लावू नका. आणि अंगावर घालून टाचण्या लावणार असाल तर तोंडात दोरा धरा, हे अण्णांनी आवर्जून सांगितलंय.

पिवळी_जुई

फोटो! फोटो हवा! मागून, ओढणीशिवाय!

सुईदोरा

रात्री टाकते. आधी उसवते.